ना चढ, ना घाट, तरी नरक : पॅरिस-रूबेच्या दगडी वाटा

नमस्कार मंडळी. आपल्याकडे सायकलवाल्याला कुठलाही मार्ग सांगा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला : "चढ किती?" सिंहगड किती मिनिटांत केलास, वरंधा केलास का, यावरच आपली पत ठरते. आज मी ज्या भागाबद्दल बोलणार आहे तिथे घाट नाही. चढ म्हणावा असा चढही नाही. दोन्ही बाजूंना बीट, बटाटा, गहू आणि वर भलंमोठं आभाळ. तरी या मार्गाला शंभरहून जास्त वर्षं 'उत्तरेचा नरक' म्हणतात.

[पडद्यावर नकाशा]

हा फ्रान्सचा उत्तरेचा कोपरा, बेल्जियमच्या सीमेला टेकलेला. इथे दर एप्रिलमध्ये पॅरिस-रूबे ही सायकल शर्यत होते. नावात पॅरिस असलं तरी 1977 पासून ती सुटते कोंपियेनहून, म्हणजे पॅरिसच्या उत्तरेला साधारण 80 किमीवरून. संपते रूबेला. रूबे हे कापडगिरण्यांचं शहर, तिथलं गिरणगावच समजा. तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या दोन गिरणीमालकांनी तिथे वेलोड्रोम, म्हणजे सायकल शर्यतींचं गोलाकार मैदान, बांधलं. वेलोड्रोम बांधलं, आता गर्दी कुठून आणायची? म्हणून 1896 मध्ये पॅरिसहून तिथपर्यंत शर्यत लावली. योसेफ फिशर नावाचा जर्मन गडी पहिली शर्यत जिंकला.

'नरक' हा शब्द मात्र दगडांवरून आलेला नाही. बऱ्याच जणांचा तसा समज असतो, माझाही होता. पहिलं महायुद्ध संपल्यावर 1919 मध्ये शर्यत पुन्हा भरवायची होती, म्हणून आयोजकांची माणसं रस्ता शिल्लक आहे का ते बघायला निघाली. जसजसं उत्तरेकडे जावं तसतशी पडलेली गावं, बुंधेच उरलेली झाडं, तोफगोळ्यांनी उकरलेली शेतं. ते दृश्य पाहून वर्तमानपत्रांत 'उत्तरेचा नरक' असे शब्द आले. शर्यत त्याच वर्षी झाली. नाव चिकटलं ते कायमचंच. ही जमीन तशी जुनीच रणभूमी आहे. याच वाटेवरच्या मों-आँ-पेवेलला 1304 मध्ये लढाई झाली होती आणि जवळच्या बुव्हीनला 1214 मध्ये. आज तिथे बीट पिकतं.

आता मुद्द्याचे दगड. स्थानिक शब्द 'पावे'. डोळ्यांपुढे आपल्या फुटपाथचे पेव्हर ब्लॉक आणू नका. ते सारखे, सपाट आणि एकमेकांत बसलेले असतात, निदान कंत्राटदाराचं बिल निघेपर्यंत तरी. पावे म्हणजे पावापेक्षा मोठे, हाताने घडवलेले चिरे, वाळूच्या थरावर एकाशेजारी एक ठोकलेले. दोन चिऱ्यांमधल्या फटीत माती. या वाटा बैलगाडीच्या, खरं तर घोडागाडीच्या काळातल्या, शेतातलं पीक गावात आणायच्या. आजही त्यावरून ट्रॅक्टर जातात. ट्रॅक्टरच्या दोन चाकांनी दोन्ही बाजू खचतात आणि मधला भाग कासवाच्या पाठीसारखा उंच राहतो. ही कासवाची पाठ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पूर्ण शर्यत साधारण 260 किमीची. त्यात दगडी वाट किती? 2024 मध्ये 29 तुकडे मिळून 55.7 किमी. तुकड्यांचे आकडे उलटे असतात, म्हणजे शेवटच्या तुकड्याचा नंबर एक. प्रत्येक तुकड्याला एक ते पाच तारे. हॉटेलसारखेच, फक्त इथे तारे वाढले की हाल वाढतात. पाच ताऱ्यांचे तीन : आरेनबेर, मों-आँ-पेवेल आणि कार्फूर द लार्ब्र.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर या भागातल्या गावांना आपल्या दगडी रस्त्यांची लाज वाटायला लागली. टीव्हीवर शर्यत दिसणार आणि सगळा देश बघणार की आपल्या गावात अजून चिखल आणि दगड! मग सरपंच मंडळींनी भराभर डांबर ओतलं. 1960 च्या दशकाच्या मध्यात मार्गावर जेमतेम 22 किमी दगड उरले होते. शर्यत आपली गुळगुळीत, जलद आणि साधी होत चालली होती. मग आयोजकांनी आल्बेर बुव्हे या माणसाला कामाला लावलं : जा आणि दगड शोध. आडवाटा, शेतवाटा, जंगलवाटा धुंडाळत मार्ग पूर्वेकडे सरकला.

त्याला वाट दाखवणारा होता जाँ स्ताब्लिन्स्की. पोलंडहून आलेल्या खाणकामगारांच्या वस्तीतला मुलगा, 1962 चा जागतिक विजेता. त्याने आरेनबेरच्या जंगलातली सरळसोट वाट सुचवली, कारण ती त्याला वरून माहीत होती तशी खालूनही माहीत होती. तरुणपणी तो त्या भागातल्या कोळसा खाणीत राबला होता. ज्या वाटेखाली काम केलं त्याच वाटेवर शर्यत खेळलेला खेळाडू म्हणजे तोच. 1968 पासून शर्यत तिथून जाते. खाण 1989 मध्ये बंद पडली, पण तिचे लोखंडी मनोरे अजून जंगलाच्या तोंडाशी उभे आहेत. हा सगळा खाणपट्टा 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

आरेनबेर म्हणजे 2.3 किमी सरळ रेघ. वळण नाही, सुटका नाही. झाडांची सावली असते म्हणून दगड लवकर वाळत नाहीत, त्यावर शेवाळ धरतं. तिथून रूबे अजून साधारण 95 किमी लांब. शर्यत इथे जिंकता येत नाही, घालवता मात्र येते. बेल्जियमचा योहान म्युझ्यू 1998 मध्ये इथे पडला. गुडघा फुटला, जखमेत इतका संसर्ग झाला की पाय कापायची वेळ आली होती. दोन वर्षांनी तोच रूबेला पहिला आला आणि रेषा ओलांडताना डावा पाय उचलून त्याने गुडघ्याकडे बोट दाखवलं.

आज या वाटांची देखभाल कोण करतं? 'पॅरिस-रूबेचे मित्र' नावाची हौशी मंडळींची संस्था आहे. हे लोक खचलेले चिरे उपसतात, खाली नवी वाळू घालतात आणि तेच दगड पुन्हा ठोकून बसवतात. बागकाम शिकणारी मुलंही त्यात असतात. फटींमध्ये गवत माजलं म्हणून अलीकडे आरेनबेरला चक्क शेळ्या चरायला सोडल्या होत्या. आपण रस्ता नीट करा म्हणून अर्ज देतो. हे लोक रस्ता व्यवस्थित खडबडीत राहावा म्हणून सुट्टीच्या दिवशी फावडं घेतात. आणि हो, आठवण म्हणून दगड उचलून आणू नका. लोक खरंच नेतात, मग तिथे खड्डा पडतो. विजेत्याला चषक म्हणून असाच एक चिरा देतात. तो जिंकून आणा, माझी हरकत नाही.

बरं, आता चालवायचं कसं? मी हौशी लोकांसाठीचा 70 किमीचा मार्ग केला, त्यावरून सांगतो.

सगळ्यात आधी टायरमधली हवा. टायर टणक म्हणजे वेग जास्त, असं आपल्या डोक्यात बसलंय. डांबरावर एक वेळ चालतं. दगडावर टणक टायर प्रत्येक चिऱ्यावर उडतं आणि तुमची ताकद पुढे जाण्याऐवजी तुमचंच वजन वर उचलण्यात जाते. मऊ टायर दगडाभोवती दबतं आणि पुढे सरकतं. पूर्वी मोठमोठे खेळाडूही अरुंद टायर वापरायचे, आता ते 30 मिमीच्या पुढे गेलेत. माझं वजन 72 किलो. मी 32 मिमीच्या ट्यूबलेस टायरमध्ये हवा 50 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवली आणि तरी मला वाटलं, अजून कमी चाललं असतं.

दुसरं, हात. हँडल आवळून धरलंत की मेलात. झाडावरचं पिकलं फळ धरावं तसं धरायचं आणि सायकलला खाली नाचू द्यायचं. मी हे ऐकलं होतं, मान डोलावली होती आणि पहिल्या तुकड्यात जीव मुठीत धरून हँडल आवळलं. दहा मिनिटांत बोटं उघडेनात. पाण्याची बाटली कधी उडाली तेही कळलं नाही. त्या तुकड्याच्या शेवटी रस्त्याकडेला बाटल्यांचा खच पडला होता, त्यातलीच एक माझी.

तिसरं, वेग. भीती वाटली की माणूस हळू होतो आणि हळू झालं की प्रत्येक फट मोजत जावं लागतं. जड गिअर, नजर 15-20 मीटर पुढे आणि कासवाच्या पाठीवरून जायचं. कोरडं असेल तर कडेची मातीची पट्टी मोहात पाडते. जा, पण तिथे धारदार दगड असतात आणि पंक्चर बहुतेक तिथेच होतं. पाऊस असेल तर कडेला जाऊच नका. साचलेल्या पाण्याखाली किती खड्डा आहे हे तुम्हाला माहीत नसतं.

पावसावरून आठवलं. 2021 मध्ये करोनामुळे शर्यत एप्रिलऐवजी ऑक्टोबरमध्ये झाली. ऑक्टोबर म्हणजे तिकडचा गळीत हंगाम. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या, तिकडे बिटाच्या. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली माती वाटेवर आणून टाकलेली आणि वरून पाऊस. सोन्नी कोल्ब्रेल्ली जिंकला तेव्हा त्याच्या जर्सीचा रंग ओळखू येत नव्हता. त्याच्या आदल्या दिवशी बायकांची पहिलीवहिली पॅरिस-रूबे झाली. त्यासाठी 2021 उजाडावं लागलं, याचा राग यायला हवा. ती लिझी डेग्ननने एकटीने पुढे निघून जिंकली. तिने हातमोजे घातले नव्हते, शेवटी हँडलच्या पट्टीवर रक्त होतं.

तुम्हाला जायचं असेल तर : शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, हौशी लोकांसाठी 70, 145 आणि 170 किमीचे मार्ग असतात. पहिल्यांदा जाताय तर 70 घ्या. तो रूबेहून सुटून रूबेलाच परत येतो, कार्फूर द लार्ब्रही त्यात येतं. आरेनबेर त्यात नाही, ते हवं तर लांबचा मार्ग. एरवीही या वाटा सगळ्यांना खुल्या आहेत, तिकीट नाही. लील शहरात मुक्काम करा, तिथून सायकलनेच पोहोचता येतं. ट्रॅक्टर आला तर बाजूला व्हा, वाट त्याची आहे.

कार्फूर द लार्ब्र म्हणजे 'झाडाजवळचा चौक'. 2.1 किमी, मोकळ्या शेतात, वारा कुठूनही येतो. चौकात एक एकटं खानावळीचं घर. ते लांबून दिसतं आणि जवळ यायचं नाव घेत नाही. तिथून रूबे साधारण 15 किमी. मी तिथे सायकलवरून उतरलो नाही, एवढंच सांगतो. वेग विचारू नका.

मग शहर, सिग्नल, बसथांबे, आणि एकदम उजवीकडे वेलोड्रोम. 500 मीटरची सिमेंटची धावपट्टी. चाक त्यावर चढलं आणि आवाज बंद. दिवसभर कानात, दातांत, कोपरांत जो खडखडाट भरला होता तो एका क्षणात गायब. शर्यतीत खेळाडू इथे दीड फेरी मारतात. बाजूच्या इमारतीत त्यांच्या जुन्या सिमेंटच्या न्हाणीघरात एकेका कप्प्यावर एकेका विजेत्याच्या नावाची पितळी पाटी आहे. मी दीडची अडीच फेरी मारली, मग तिसरी सुरू केली. कडेच्या स्वयंसेवकाने हात करून फ्रेंचमध्ये काहीतरी ओरडून सांगितलं. शब्द कळले नाहीत. बाहेर हो, मागून माणसं येतायत, असंच असणार.