शिरेतून वजन वाढतं, पण आतड्याचं काय?

सिस्टरच्या हाताकडे बघा. सिरिंजचा दट्ट्या काढून टाकलाय, नुसती सिरिंज उंच धरलीय आणि आईचं दूध आपोआप नळीतून खाली उतरतंय, दाबायचं नाही, घाई करायची नाही. दूध आहे फक्त दोन मिली. बाळ किलोभराचं, नळी तोंडातून थेट पोटात, आणि दंडातल्या लाइनमधून, म्हणजे शिरेत घातलेल्या बारीक नळीतून, टीपीएन चालू, म्हणजे ग्लुकोज, अमिनो अ‍ॅसिड, फॅट, क्षार सगळं डायरेक्ट रक्तात.

मग नातेवाईक विचारतात, सलाइनवर वजन वाढतंय ना, या दोन मिलीने काय होणार?

१९६० च्या दशकात फिलाडेल्फियात डॉ. स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या टीमने कुत्र्याची पिल्लं निव्वळ शिरेतून पोसून वाढवली, नंतर जन्मतःच बहुतेक लहान आतडं नसलेल्या एका बाळालाही तसंच पोसलं. त्या शोधामुळे आज कितीतरी बाळं जगतात. पण अंग वाढलं म्हणून आतडं वाढतंच असं नाही.

हे मायक्रोस्कोपखाली बघा, डुकराच्या पिल्लांचं आतडं आहे, माणसाच्या बाळाशी बरंच जुळतं म्हणून अभ्यास त्यांच्यावर होतो. डावीकडे दूध पाजलेलं पिल्लू, बोटांसारखे उंच उभे दिसतात ते व्हिलाय, अन्न शोषतात ते हेच. उजवीकडचं फक्त शिरेतून पोसलेलं, तिथे तेच व्हिलाय आखूड झालेत. कारण अस्तराच्या पेशी आपलं बरंचसं खाणं समोरून जाणाऱ्या दुधातूनच घेतात, शिवाय दूध आलं की आतड्याच्या शेवटच्या भागातून जीएलपी-२ नावाचं हार्मोन सुटतं आणि पेशी वाढायला लागतात. डुकराच्या पिल्लांमध्ये एकूण पोषणाच्या साधारण ४० टक्के पोटातून गेलं तेव्हा अस्तराची वाढ दिसली, म्हणजे दोन मिलीने आतडं फक्त कामाला लागतं, तिथे थांबायचं नाही, बाळाला झेपेल तसं वाढवत न्यायचं.

टीपीएन फार लांबलं तर लाइनमधून इन्फेक्शन, लिव्हरचा त्रास, हेही आहेच.

आता ही मिल्क बँक. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली सुरू केली. इतर आयांकडून दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवायचं, लगेच गार करायचं आणि उणे २० अंशांवर ठेवायचं. आईला दूध उतरेपर्यंत त्याचा मोठा आधार असतो, पण पहिला मान आईच्या चिकाचाच. म्हणून बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला सुरुवात करा, चारच थेंब निघाले तरी टाकून देऊ नका, वाटीत धरा आणि लगेच सिस्टरकडे द्या.