पस्तीस आले कुठून?

नागपुरातील एका प्राथमिक शाळेच्या तिसरीच्या वर्गात, ५२ मधून २७ वजा करून एका मुलाने उत्तर लिहिले आहे ३५. लाल पेनाने फुली मारून वही परत केली असती, तर काम अर्ध्या मिनिटात उरकले असते. बाईंनी मात्र त्यालाच विचारले, "पस्तीस कसे आले रे?" तो म्हणाला, "दोनातून सात जात नाहीत, म्हनून म्या सातातून दोन काढले." मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची, हे त्याला पहिलीपासून सांगितले गेले होते आणि तो नियम त्याने एककाच्या घरात इमानेइतबारे पाळला होता. बाईंनी दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या. सुट्या काड्यांतून सात निघेनात, तेव्हा एका गठ्ठ्याचे रबर त्याने स्वतःच सोडले.

विषयावर प्रभुत्व, वक्तशीरपणा, गोड वाणी हे गुण शिक्षकाकडे असावेत, याविषयी दुमत नाही. परंतु चुकीच्या उत्तरामागे मुलाने कोणता विचार केला असेल, याची खरीखुरी उत्सुकता ज्याला वाटते, तोच चांगला शिक्षक, असे आम्हांला वाटते.

या उत्सुकतेला थांबण्याची सवय लागते. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी साधारण एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर मुलांची उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. नागपूरच्या वर्गात तर कुणाच्या घरी नागपुरी बोली असते, कुणाच्या घरी हिंदी, गोंडी किंवा छत्तीसगढी. प्रमाण मराठीत वाक्य जुळवायला त्या मुलांना वेळ लागणारच. "मले समजलं नाही" असे मूल धीर करून सांगते, तेव्हा "मला म्हण" ही दुरुस्ती शिक्षकाने तूर्त गिळावी, हे बरे.

वर्गाबाहेरही ही नजर उपयोगी पडते. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली वस्तीतील मुलांना भर पावसात फुटक्या बादलीशी खेळताना पाहिले. त्यांना हुसकावून लावण्याऐवजी त्या खेळातली ओढ त्यांनी ओळखली आणि झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचे काम उभे केले.

अर्थात, सारा भार शिक्षकाच्या स्वभावावर टाकणे अन्यायाचे होईल. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले, तरी जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामे शिक्षकांकडेच राहिली. त्यात उन्हामुळे विदर्भातील शाळा राज्यात इतरत्रच्या तुलनेत उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि मग अभ्यासक्रम संपवण्याची घाई पहिल्या महिन्यापासूनच मागे लागते. वहीवर फुली मारून पुढे जाणारा शिक्षक दर वेळी बेफिकीर असतो असे नाही. पुष्कळदा त्याच्याकडे वेळच नसतो.

केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र येतातच. तेथे सूचना आणि परिपत्रकांच्या जोडीला मुलांच्या चुकलेल्या वह्यांसाठी तासभर राखून ठेवला, तर त्याला वेगळा निधी लागणार नाही.