घसरणीचा हिशेब

(पुण्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. ही चकती आधी हातात घ्या, बघा आणि मागच्या रांगेकडे देत राहा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या क्लच पॅकमधली, म्हणजे तेलाच्या दाबाने एकमेकींवर आवळल्या जाणाऱ्या चकत्यांच्या गठ्ठ्यातली, स्टीलची प्लेट आहे. मूळची राखाडी, गुळगुळीत. आता तिच्यावर निळे-जांभळे डाग पडलेत. नख फिरवलंत तर काही ठिकाणी खडबडीत लागेल.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत मी बारा वर्षं गिअरबॉक्स उतरवायचं, खोलायचं आणि परत बांधायचं काम केलं. ही प्लेट तिथलीच. गाडीवाला घोडे वाहून नेणारा, डिझेल पिकअपच्या मागे सहा टनांचा ट्रेलर. इंजिनची ताकद वाढावी म्हणून एका ट्यूनरकडून त्याने इंजिनचं प्रोग्रॅमिंग बदलून घेतलं. दोन महिने तो खूश होता. मग डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा, काटा वर जायला लागला, पण गाडीचा वेग काही वाढेना. तो बोगदा ११,००० फुटांच्याही वर आहे. तिथे हवा विरळ, त्यामुळे रेडिएटरला आणि ऑइल कूलरला उष्णता बाहेर टाकायला जड जातं.

मी गिअरबॉक्सच्या तळाचा तेलाचा पॅन उतरवला. चांगलं ट्रान्समिशन ऑइल डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. हे कडक चहासारखं झालं होतं आणि करपलेला वास गॅरेजभर पसरला. पॅनमध्ये एक लोहचुंबक बसवलेलं असतं. त्यावर राखाडी मऊ लेप असला तर घाबरायचं कारण नाही, ती रोजची झीज. इथे तळाला काळा गाळ होता, बोटांत चोळला की चुरा व्हायचा. क्लचचं अस्तरच सुटून खाली आलं होतं. मालक म्हणाला, "कंपनीने कमजोर गिअरबॉक्स दिला." मला ते पटलं नाही, कारण खोलल्यावर एकही गिअर तुटलेला नव्हता. दाते नव्यासारखे होते. जळले होते फक्त क्लच.

आता हिशेब करू. समजा क्लचमधून १००० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, जातोय आणि तो क्लच १०० आरपीएमने, म्हणजे मिनिटाला १०० फेऱ्यांनी, घसरतोय. टॉर्क गुणिले कोनीय वेग, उत्तर येतं साधारण साडेदहा किलोवॅट. घरातला गीझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे पाच गीझर एका तळहाताएवढ्या जागेत, तेलाच्या पातळ थरात, एकदम चालू. आणि १०० आरपीएमची घसरण ड्रायव्हरला जाणवतही नाही.

तो क्लच किती टॉर्क धरू शकतो, हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षण गुणांक, घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, सरासरी त्रिज्या आणि पिस्टनचा दाब. पहिल्या तीन कारखान्यातून निघतानाच ठरलेल्या असतात. चौथी तेलाच्या प्रेशरवर अवलंबून. इंजिन जास्त टॉर्क द्यायला लागलं आणि प्रेशर तेवढंच राहिलं, तर क्लच घसरणारच. त्यात कमजोरीचा प्रश्न येत नाही.

या गाड्यांचा इतिहास पुण्याच्या माणसांनी ऐकावा असा आहे. कोथरूडमुळे कमिन्स हे नाव आपल्याला घरचं. त्याच घराण्यातलं बी-सिरीजचं ५.९ लिटर इंजिन जमशेदपूरला टाटा कमिन्समध्ये बनायला लागलं आणि आपल्या टाटा ट्रकांत बसलं. तेच इंजिन अमेरिकेत १९८९ मध्ये डॉजने पिकअपमध्ये घातलं. १६० हॉर्सपॉवर, ५४० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क. ऑटोमॅटिक हवा असेल तर मागे ए७२७ हा गिअरबॉक्स, तीन गिअरचा, १९६२ पासून मोटारींमध्ये चालत आलेला. त्याला लॉकअपही, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरमधली तेलाची घसरण थांबवून इंजिन थेट गिअरबॉक्सला जोडणारा क्लचही, नव्हता. इंजिन ट्रकचं आणि गिअरबॉक्स मोटारीचा! तेव्हापासून तिथे इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स त्याच्या मागे धावतोय.

जनरल मोटर्सने २००१ च्या मॉडेलपासून ड्युरामॅक्स डिझेल इंजिनाला अ‍ॅलिसन १००० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडला. आधी पाच गिअर, २००६ पासून सहा. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. आत जाणारा वेग आणि बाहेर येणारा वेग तो सतत ताडून बघतो, आणि मेळ बसला नाही की सरळ लिम्प मोडमध्ये, म्हणजे स्वतःला वाचवण्यासाठी जेमतेम गाडी चालेल अशा अवस्थेत, जातो. गाडीवाले वैतागतात. मी त्यांना सांगायचो, त्याने तुमचे क्लच वाचवलेत.

आणि हे आकडे लिहून घ्या. २०१३ मध्ये रॅम पिकअपमध्ये ६.७ लिटरचं कमिन्स इंजिन तीन गिअरबॉक्सबरोबर मिळायचं. सहा गिअरच्या मॅन्युअलबरोबर ८९५ न्यूटन-मीटर, ६८आरएफई ऑटोमॅटिकबरोबर १०८५, आयसिनच्या ऑटोमॅटिकबरोबर ११५२. मागे कोणता गिअरबॉक्स आहे ते बघून कंपनीने टॉर्क ठरवला. २०१९ ला आयसिनबरोबर तो १३५५ च्या घरात गेला, ६८आरएफईबरोबर ११५२ वर थांबवला. कंपनीने आखलेली ही हद्द कॉम्प्युटरवर बसून पुसायची असेल, तर ती का आखली होती ते आधी समजून घ्यायला हवं.

टोइंगची, म्हणजे ट्रेलर ओढण्याची, परीक्षाही ठरलेली आहे. वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेच्या जे२८०७ या मानकात अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ घेतलाय: सुमारे १८ किलोमीटर, चढण जवळजवळ ३,००० फूट. बाहेर निदान ३८ अंश तापमान, एसी पूर्ण जोरात, मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर. मागे एकेरी चाकं असतील तर वेग ताशी ४० मैलांखाली जाता कामा नये, जोडचाकं असतील तर ३५. कंपनी टोइंगचा आकडा छापते तो ही परीक्षा मूळ ट्यूनिंगवर देऊन. ट्यूनिंग बदललं की त्या आकड्याचा आधार गेला.

मग ट्यूनिंग करूच नये का? करावं, पण कुठे टॉर्क वाढवतोय ते बघून. ३०० किलोवॅट शक्ती २८०० आरपीएमला हवी असेल तर टॉर्क लागतो साधारण १०२०. तीच शक्ती १६०० आरपीएमला काढली तर १७९०. शक्ती तीच, पण क्लचवर पावणेदोन पट भार. चढावर, लॉकअप लागलेला असताना, खालच्या आरपीएमला दाबून डिझेल सोडणारं ट्यूनिंग गाडीवाल्याला जोरदार वाटतं, आणि नेमकं तेच गिअरबॉक्स खातं.

दुसरी चूक याहून वाईट. गिअर बदलताना एक क्लच सुटत असतो, दुसरा धरत असतो. त्या क्षणी दोन्ही अर्धवट. म्हणून कंपनीचं प्रोग्रॅमिंग तेवढ्यापुरतं इंजिनचं डिझेल कमी करतं. काही ट्यूनर हे काढून टाकतात, गिअर कडक पडल्यासारखा वाटावा म्हणून. माझ्या गिऱ्हाइकाच्या गाडीत तेच केलेलं होतं. धूर गाळणारा डीपीएफ काढून देणाऱ्यांबद्दल तर एवढंच सांगतो: अमेरिकेच्या क्लीन एअर अ‍ॅक्टखाली ते बेकायदेशीर आहे, आणि तुम्हांपैकी कोणी या धंद्यात शिरलं तर ते काम घेऊ नका. तो धूर कोणाच्या तरी छातीत जातो.

त्याचा गिअरबॉक्स बांधताना मी आधी टॉर्क कन्व्हर्टर बदलला, लॉकअपला एकाऐवजी तीन चकत्यांचा. क्लच पॅकमध्ये बसतील तेवढ्या जास्त प्लेट घातल्या. प्रेशर थोडं वाढवलं, पण बेतानेच. फार वाढवलं की गिअर हातोड्यासारखा पडतो आणि मग खरोखरच शाफ्ट तुटतात. मोठा कूलर आणि तेलाच्या तापमानाचा काटा बसवला. ट्यूनिंग दुसऱ्याकडून करून घेतलं: १८०० आरपीएमच्या खाली जवळपास कंपनीचाच टॉर्क, वाढ त्याच्या वर, हळूहळू, आणि गिअर बदलताना डिझेल कमी होणं पूर्ववत. त्याला टो-हॉल बटणाची सवय लावली. ते दाबलं की गाडी खालचा गिअर धरून ठेवते. इंजिन ओरडतं, पण क्लचवरचा भार उतरतो.

सप्टेंबरात तो पुन्हा घोडे घेऊन त्याच चढाने गेला. बोगद्यापलीकडे थांबून त्याने फोन केला आणि काटा वाचून दाखवला: ९६ अंश. पुढची तीन वर्षं तो फक्त तेल बदलायला यायचा, आणि दर वेळी पॅनमधलं चुंबक स्वतः हातात घेऊन बघायचा.

प्लेट शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचली असेल, तर आता प्रश्न घेऊ.