भाताच्या लोंबीतला वाटा

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका सुरीपासून सुरुवात करते. तळहातात मावेल एवढी लाकडाची पातळ फळी, तिच्या कडेला बसवलेलं बोटाएवढं पातं आणि धरायला आडवी बांबूची कांडी. इंडोनेशियातल्या जावा बेटावर हिला ‘आनी-आनी’ म्हणतात. बाई ती मुठीत अशी धरते की पातं बोटांच्या फटीतून जेमतेम डोकावतं. भाताची एक लोंबी बोटांनी ओढून पात्यावर घ्यायची, देठ तुटला की लोंबी दुसऱ्या हातात. मग पुढची. मूठ भरली की जुडी बांधायची. असं एकेक लोंबी करत अख्खं शेत कापायचं.

एवढा खटाटोप कशासाठी? तर भातात देवी श्री राहते. श्री म्हणजे आपलीच श्री, जुन्या काळी समुद्र ओलांडून तिकडे गेलेली. उघडं पातं पाहून ती दचकेल, म्हणून ते मुठीत लपवायचं. आज जावातली बहुतेक गावं मुसलमान आहेत, मशिदीतली बांग ऐकूनच दिवस उजाडतो. तरीही कापणीआधी बांधावर भात, कोंबडी, अंडी असा नैवेद्य नेऊन ‘विवितान’ करणारी घरं अजून आहेत. विवित म्हणजे आरंभ. काही लोंब्यांची नवरा-नवरीसारखी जोडी बांधून ती घरात आणायची, असाही रिवाज. माझं बालपण कोकणात गेलं. दाराला नवं, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या, बांधताना आईचा हात त्यांवरून जसा फिरायचा, तो माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यामुळे ही जोडी मला परकी वाटत नाही.

पण आनी-आनीमागे देवीइतकीच मोठी आणखी एक गोष्ट होती. एकेक लोंबी कापायची तर हात खूप लागतात. कापणीच्या दिवशी आपल्या आणि शेजारच्या गावांतल्या बायका शेतावर यायच्या, आणि आलेल्या बाईला परत पाठवणं वाईट समजलं जायचं. कापलेल्या जुड्या मालकाच्या अंगणात न्यायच्या, तिथे वाटणी व्हायची. कापणाऱ्या बाईचा जो हिस्सा, तो ‘बावोन’. कुठे दहातला एक, कुठे त्याहून बरा, नात्यातल्या बाईला थोडा जास्त. जिच्या नावावर वीतभर जमीन नाही, तिच्या चुलीवरही त्यामुळे नव्या तांदळाचा भात शिजायचा.

या वाट्याची किंमत कळायला जमिनीचं गणित समजून घ्यायला हवं. जावा बेट आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे पंधरा कोटींहून जास्त माणसं मोजली गेली. माती ज्वालामुखीची, काळी, कसदार. पाणी असेल तिथे वर्षाला दोन-तीन पिकं निघतात. पण वाटण्या होत होत जमिनीचे तुकडे अंगणाएवढे उरले आहेत. अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन असलेल्या शेतकऱ्याला तिथे ‘गुरेम’ म्हणतात. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरची बारीक ऊ. सरकारी नोंदींतही हाच शब्द चालतो. राबणाऱ्या माणसाला असं नाव पडावं, याचं मला फार वाईट वाटतं.

हे सगळं आपोआप झालेलं नाही. १८३० पासून डच सरकारने जावातल्या गावांवर सक्तीची लागवड लादली. गावाच्या जमिनीचा पाचवा हिस्सा ऊस, नीळ अशा निर्यातीच्या पिकांना द्यायचा, असा नियम होता. प्रत्यक्षात वसुली त्याहून जास्त व्हायची. ज्या खाचरात भात पिकायचा त्यातच आळीपाळीने ऊस उभा राहायचा. नफा हॉलंडला गेला, आणि उरलेल्या भातावर वाढत्या लोकसंख्येने गुजराण केली. आहे त्या कामाचे आणि आहे त्या धान्याचे आणखी बारीक वाटे करायचे, एवढंच गावाच्या हातात होतं.

मग १९६० च्या दशकाअखेर हरितक्रांती आली. नवं बी, खत, कर्ज, फवारणी. पूर्वी पाच-सहा महिने घेणारं भात चार महिन्यांत तयार व्हायला लागलं. पण तुडतुड्यांनी शेतंच्या शेतं करपवली, कीटकनाशकं मारूनही ते हटेनात. शेवटी १९८६ मध्ये सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढे काही वर्षांत शेतकऱ्यांना बांधावरच किडींची ओळख करून देणाऱ्या शेतीशाळा सुरू झाल्या. बंदीच्या आधीच, १९८४ मध्ये, इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला होता. भूक कमी झाली हे खरंच आहे, आणि ते लहान काम नव्हे.

पण त्या बायकांचं काय झालं? नवं भात बुटकं, एकदम पिकणारं, दाणे पटकन झडणारं. त्याला आनी-आनी चालेना, विळा आला. विळ्याला माणसं कमी लागतात. त्यातच ‘तेबासान’ वाढलं: उभं पीकच व्यापाऱ्याला विकून टाकायचं. व्यापारी आपली ठरलेली टोळी घेऊन येतो, मजुरी देतो, माल उचलतो. शेजारणीला परत पाठवायचा संकोच मालकाला, व्यापाऱ्याला कसला? त्याच सुमारास गावोगावी भाताच्या गिरण्या आल्या. लाकडी उखळीच्या लांब नावेभोवती चार-पाच जणी उभ्या राहून ठेक्यात भात सडायच्या, ती मजुरी गेली. तो ठेका आता ‘गेजोग लेसुंग’ नावाने कार्यक्रमांत ऐकायला मिळतो. गोड असतो. पण त्या मुसळाच्या घावांवर कुणाची तरी चूल पेटत होती, हे ऐकताना मी विसरू शकत नाही.

आता कापणीयंत्रं आली आहेत. घरातली तरणी माणसं जकार्ताला, कितीतरी मुली घरकामाला हाँगकाँग, तैवान, मलेशियात. गावात नव्या लाद्यांची, रंगवलेली घरं दिसतात; ती बहुतेक त्या मुलींच्या पैशांची असतात, आणि आत नातवंडं आजीजवळ वाढत असतात.

तरी वाटा द्यायची सवय मेलेली नाही. आपल्याकडे इर्जिक, तशी तिथे ‘सांबातान’. घर उभारायचं तर गल्ली हजर, जेवण घरधन्याचं. २७ मे २००६ ला सकाळी सहाच्या सुमारास जावातल्या योग्यकार्ता शहराजवळच्या बांतुल भागात भूकंप झाला. साडेपाच हजारांहून जास्त माणसं गेली, लाखाहून अधिक घरं कोसळली. त्यानंतर गावांनी हेच केलं. सरकारी मदत आलीच, पण विटा हातोहात पोचवणारे आणि वासे उचलणारे शेजारीच होते.

आणि एक सांगते. तिथल्या कितीतरी गावांत घराच्या ओटीवर एक लहानसा डबा टांगलेला असतो. कुठे प्लास्टिकचा पेला, कुठे नारळाची करवंटी. झोपण्यापूर्वी घरातलं कुणीतरी त्यात चिमूटभर तांदूळ टाकतं. रात्री गस्तीवरची माणसं पोकळ लाकडी ठोकळा वाजवत फिरतात आणि प्रत्येक डब्यातले तांदूळ पिशवीत ओतून घेतात. याला ‘जिम्पितान’ म्हणतात. जिम्पित म्हणजे चिमूट. त्यातून कुणाचं आजारपण निभावतं, रस्त्यावरचा दिवा दुरुस्त होतो, गावजेवणाची भांडी येतात. पुष्कळ ठिकाणी आता तांदळाऐवजी तिकडच्या चलनातलं किरकोळ, पाचशे रुपियांचं नाणं पडतं.

यंत्र शेतातून गेलं की म्हाताऱ्या बायका चटई आणि पिशवी घेऊन उतरतात. राहिलेल्या लोंब्या गोळा करायच्या, झोडायच्या, पाखडायच्या. तिकडे याला ‘ङासाक’ म्हणतात. आपण म्हणतो सरवा वेचणं. दिवसभर वाकून दोन-चार किलो मिळालं तर मिळालं. अशा घराच्या ओटीवरही तो डबा टांगलेला असतो, आणि गस्त येते तेव्हा तो रिकामा नसतो.

नमस्कार.