बारूद लोखंडी पेटीत कोंडू नका

नमस्कार मंडळी. आज जरा वेगळा विषय घेतलाय, घरात बारूद, काडतुसं, टोप्या (म्हणजे प्रायमर, ठोका बसला की ठिणगी देऊन बारूद पेटवणारे) असतील तर त्या ठेवायच्या कशा. कोणी म्हणेल आपल्या इंदूरच्या मराठी घरांत कुठं असतं हे सगळं. असतं हो. सांवेर, देपालपूरकडे ज्यांची जमीन आहे त्यांनी पिकाच्या राखणीसाठी लायसन घेतलेलं असतं, कोणाकडे अजून जुनी भरमार बंदूक, नळीच्या तोंडातून बारूद भरायची, आहे, महूला फौजेत होते ते रिटायर होऊन इथेच घर बांधून राहिलेत. आणि ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत ते आईवडील सहा महिने तिकडे जातात तेव्हा गॅरेजमधे बारुदीचे डबे आणि प्रायमरची पाकिटं बघतात, कारण तिथे खूप लोक रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरतात, रिलोडिंग म्हणतात त्याला. आपल्याकडे काडतूस बनवायला 1959 च्या आर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे वेगळं लायसन लागतं, बंदुकीचं लायसन आहे म्हणून घरी भरायला बसलो असं चालत नाही, हे आधीच स्पष्ट सांगून ठेवतो.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्याला वाटतं धोक्याची वस्तू आहे ना, मग जाड लोखंडी तिजोरीत टाका, कुलूप लावा, झालं. बंदुकीसाठी हे अगदी बरोबर आहे पण सुट्या बारुदीसाठी हेच सगळ्यात वाईट. आजकालच्या काडतुसात जी बिनधुराची बारूद असते, नायट्रोसेल्युलोजची, ती उघड्यावर पेटली तर भडकन जळते, आग मोठी होते पण स्फोट सहसा होत नाही, आणि तीच बारूद घट्ट बंद लोखंडात पेटली की गॅसला जायला वाट नाही, दाब वाढत जातो आणि शेवटी ते लोखंडच फुटून तुकडे उडतात. शिट्टी जाम झालेल्या कुकरसारखं समजा, फक्त कितीतरी जास्त जोराचं. म्हणून कंपनीचा डबा मुद्दाम कमजोर बनवलेला असतो, थोड्या दाबानेच उसवतो. तो डबा फेकून बारूद स्टीलच्या डब्यात किंवा ते मिलिटरीचे रबर लावलेले हवाबंद डबे मिळतात त्यात भरणं म्हणजे ती सगळी सोय आपणच काढून टाकणं. तयार काडतुसं त्या डब्यात ठेवली तर हरकत नाही, सुटी बारूद नको.

अमेरिकेत अग्निसुरक्षेचं एक स्टँडर्ड आहे, एनएफपीए 495, त्यात घरासाठी 20 पौंड म्हणजे साधारण 9 किलोपर्यंत बारूद मूळ डब्यात चालते, त्याच्या वर 50 पौंडापर्यंत असेल तर कमीत कमी एक इंच जाड लाकडाच्या पेटीत, आणि प्रायमर 10,000 पेक्षा जास्त नाही. लाकूड का, तर ते उष्णता लवकर आत जाऊ देत नाही आणि दाब आला तर मोकळं होतं. लाकडी कपाटालाही कुलूप लागतं, मुलांच्या हाताला लागू नये म्हणून ते लावाच.

प्रायमर, म्हणजे आपली टोपी, ही बारुदीपेक्षाही नाजूक वस्तू आहे. ठोका लागला, खूप तापली, स्थिर विजेची ठिणगी पडली तरी उडते. पाकिटात प्रत्येक टोपीला वेगळा खण असतो तो याचसाठी, की एक उडाली तरी बाकीच्या उडू नयेत. काही लोक त्या सगळ्या काढून काचेच्या बरणीत भरतात, कृपा करून असं करू नका, बरणीतली एक गेली की सगळ्या एकदम जातात. आणि बारुदीच्या शेजारी तर अजिबात नाही. भरमारची काळी बारूद, शोरा, कोळसा आणि गंधकवाली, ती तर छोट्याशा ठिणगीनेही पेटते, तिच्यापासून बिडी, दिवा, इन्व्हर्टर सगळं लांब पाहिजे.

जागेचं बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 ला जातो, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत त्याहून किती तरी जास्त, माळ्यावर पण तेच. उष्णतेने बारूद हळूहळू खराब होते, डबा उघडल्यावर आंबट उग्र वास आला, आतून गंजासारखी लाल धूळ किंवा तांबूस धूर दिसला तर ती गेली समजा, वापरायची नाही, दुसऱ्या डब्यात मिसळायची तर मुळीच नाही. खालच्या मजल्यावरची कोरडी थंड खोली बरी, गॅस सिलिंडर आणि पेट्रोलच्या कॅनपासून दूर. सांडली तर झाडू आणि सुपलीने भरा, व्हॅक्यूम क्लिनर लावू नका, मोटरची ठिणगी पुरते.

आणि देव न करो पण आग लागलीच तर विझवत बसू नका. बारुदीत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, घोंगडी टाकून ती विझत नाही. सगळ्यांना बाहेर काढा, 112 ला फोन करा आणि घरात काय ठेवलंय, कुठल्या खोलीत, हे फायरब्रिगेडवाल्यांना आधी सांगा. लपवू नका. ती माणसं आत जाणार आहेत. 2017 च्या एप्रिलमधे इंदूरच्या राणीपुऱ्यात फटाक्यांच्या दुकानाला आग लागली तेव्हा माणसं गेली, 2015 ला झाबुआ जिल्ह्यातल्या पेटलावदला भर वस्तीत ठेवलेल्या स्फोटकांनी पाऊणशेच्या वर जीव गेले. शेजाऱ्याला माहीत पण नसतं भिंतीपलीकडे काय आहे.

शेवटी जुन्या वाड्यांबद्दल सांगायचं राहिलं. आजोबा गेले, त्यांचं लायसन त्यांच्यासोबत संपलं, आणि कपाटाच्या खणात धोतराखाली दोन-तीन डब्या काडतुसं निघाली, असं होतं. ती आठवण म्हणून ठेवता येत नाहीत, कायद्याने विनाकारण उशीर न करता जवळच्या ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडे जमा करायची असतात. खिळ्याने टोचून बघू नका, गंजलेली असली तरी घासू नका, पिशवीत घालून स्कूटरवर नेऊ पण नका. आधी ठाण्यात फोन करा, काय सापडलंय ते सांगा, ते म्हणतील तसं करा, आणि जमा केल्याची पावती मागून घ्या.