मंगळावरचा शिपाई

पत्रिकेत विषय छापलाय ‘रिअल-टाइम प्रणाली : वेग, खात्री आणि पारदर्शकता यांचा मेळ’. रिअल-टाइम म्हणजे जिथे काम ठरल्या मुदतीत व्हायलाच हवं. विषय येईल, घाबरू नका. आधी जरा मंगळावर जाऊन येऊ.

४ जुलै १९९७ ला नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं. फोटो आले, सोजर्नर गाडी फिरायला लागली, सगळीकडे कौतुक. आणि थोड्याच दिवसांत यानाचा संगणक मधूनच रीसेट व्हायला लागला. रीसेट झाला की त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर.

झालं होतं असं. बस म्हणजे यानाच्या भागांमध्ये माहिती नेणारी वाट. तिच्यावरची माहिती हाताळणारं टास्क, म्हणजे प्रोग्रॅममधलं एक काम, वरच्या प्राधान्याचं, हवामानाच्या नोंदी घेणारं खालच्या. दोघांना लागणारं म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, मात्र एकच. आता कचेरी आठवा. साहेबांना फाइल हवीय, कपाटाची किल्ली शिपायाकडे, आणि शिपायाला हेडक्लार्कनं चहा आणायला पिटाळलंय. साहेब बसले ताटकळत! (पहिल्या रांगेतले हसत नाहीयेत, म्हणजे तिकडचेच दिसतात.) मंगळावरचे हेडक्लार्क म्हणजे मधल्या प्राधान्याची टास्क. वरचं काम मुदतीत झालं नाही की सॉफ्टवेअर सगळंच नव्यानं सुरू करायचं.

यावरचा तोडगा आधीपासून माहीत होता: किल्ली हातात आहे तोवर शिपायालाच साहेबांचा दर्जा द्यायचा. प्रायॉरिटी इनहेरिटन्स. व्हीएक्सवर्क्समध्ये, म्हणजे यानाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, ती सोय होतीही, पण त्या म्युटेक्सवर बंद होती. ती चालू केली आणि रीसेट थांबले.

पण दोष सापडला कसा? माझ्या लेखी खरी गंमत तिथे आहे. काय कधी चाललं याची नोंद ठेवणारा ट्रेस त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये मुळातच घातला होता. पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तेच सॉफ्टवेअर रीसेट होईपर्यंत चालवलं आणि ट्रेस वाचला.

आमच्याकडे काय व्हायचं? रिलीजच्या आठवड्यात वरून फर्मान: लॉग (अशाच नोंदी) काढून टाका, वेग वाढेल. काढले. मग ग्राहकाचा फोन, “मशीन बंद पडलं.” “त्याआधी काय झालं?” “त्याआधी चालू होतं.” घ्या! एवढ्यावर शोधा आता बग.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. तर मूळ विषय, भराभर.

सरासरी वेगावर भाळू नका, सर्वांत वाईट वेळ किती ते मोजा. कॅशेमुळे, म्हणजे नेहमी लागणारी माहिती हाताशी ठेवणाऱ्या जलद मेमरीमुळे, सरासरी सुधारते, पण वाईटात वाईट किती याचा अंदाज बांधणं अवघड होतं. दुसरं, भार वाढला तर कोणतं काम सोडायचं ते आधीच ठरवा. १९६९ मध्ये अपोलो ११ उतरताना १२०२ चा अलार्म वाजला तो संगणकावर काम जास्त झालं म्हणून. त्यानं रीस्टार्ट होऊन महत्त्वाची कामं तेवढी पुन्हा उचलली, बाकीची सोडली, म्हणून उतरणं चालू राहिलं. तिसरं, ट्रेसला लागणारा वेळ पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा आणि तपासलंय तेच सॉफ्टवेअर पाठवा.

बफर, म्हणजे माहिती तात्पुरती ठेवायची जागा, किती मोठा ठेवायचा, ते प्रश्नोत्तरांत बोलू.