सगळ्यांत कमी ताकदीची गाडी: डार्लिंग्टन, ४ सप्टेंबर १९५०

(दृश्य: जुनं कृष्णधवल चित्रीकरण. तीन-तीनच्या ओळींत उभ्या गाड्या, मागे गर्दी.)

एका ओळीत तीन गाड्या, अशा २५ ओळी. म्हणजे ७५ गाड्या एकाच वेळी सुटणार. ही मांडणी इंडियानापोलिसच्या, म्हणजे अमेरिकेतल्या प्रसिद्ध ५०० मैलांच्या शर्यतीवरून उचललेली आहे, पण तिथे गाड्या ३३ असतात आणि त्या शर्यतीसाठीच बांधलेल्या असतात. इथे उभ्या आहेत त्या शोरूममधून आणलेल्या घरगुती गाड्या: ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक, प्लिमथ. त्यांना पळायचंय ५०० मैल, म्हणजे साधारण ८०५ किलोमीटर. अशा शोरूमच्या गाड्या, म्हणजे स्टॉक कार, इतक्या लांब पल्ल्याला, तेही डांबरी सुपरस्पीडवेवर (मोठ्या, वेगवान ट्रॅकवर), त्यांच्या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेने तोवर कधी पळवल्या नव्हत्या.

(दृश्य: ट्रॅकचा नकाशा, वरून.)

हा ट्रॅक बांधला हॅरल्ड ब्रॅसिंग्टनने. साउथ कॅरोलायनातल्या डार्लिंग्टनजवळ त्याने शेरमन रॅम्सीची जमीन घेतली आणि १९४९च्या शरद ऋतूत माती हलवायला सुरुवात केली. रॅम्सीची अट एकच होती: पश्चिमेकडच्या माशांच्या तळ्याला हात लावायचा नाही. ब्रॅसिंग्टनने शब्द पाळला, म्हणून ट्रॅकचं एक टोक आवळलं गेलं आणि आकार अंड्यासारखा झाला. लांबी सव्वा मैल. दोन्ही टोकं सारखी नसल्याने एका वळणाला गाडी जुळवून घ्यावी, तर दुसऱ्या वळणावर ती बिनसते. डार्लिंग्टनला येणारे मेकॅनिक आजही याच तडजोडीवर डोकं खपवतात.

पात्रता फेऱ्या पंधरा दिवस चालल्या. नियमही इंडियानापोलिसचाच: पहिल्या दिवशी सर्वांत वेगवान ठरेल तो पुढे. कर्टिस टर्नरने ताशी ८२.०३४ मैल वेग काढून पहिली जागा घेतली. नंतर वॉली कॅम्पबेलने ८२.४ गाठला, पण तो दिवस वेगळा होता, त्यामुळे पहिल्या जागेवर त्याचा हक्क लागला नाही. आणि ४३व्या जागेवर, ७३ मैलांच्या आसपास रेंगाळणारी, एक काळी प्लिमथ.

(दृश्य: प्लिमथ, क्रमांक ९८ ज्युनियर. चालक जॉनी मँट्झ.)

या प्लिमथमध्ये एका ओळीत सहा सिलिंडरचं, जुन्या फ्लॅटहेड पद्धतीचं इंजिन होतं. ताकद ९७ अश्वशक्ती. ओल्ड्समोबिलचं व्ही-८ इंजिन १३५चं, कॅडिलॅकचं १६०चं. कागदावर तुलनाच नाही. पण वजनाचा आकडाही पाहायला हवा. कॅडिलॅक साधारण १,८०० किलो, प्लिमथ १,३५०च्या आसपास. तब्बल साडेचारशे किलोंचा फरक, आणि वळणावर हा सगळा भार शेवटी टायरनेच पेलायचा.

मँट्झ इंडियानापोलिसला पळालेला ड्रायव्हर होता. डांबरावर लांब पल्ला धावताना टायरचं काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याच वर्षी मे महिन्यात मेक्सिकोच्या पॅनअमेरिकन शर्यतीत बिल स्ट्रॉपबरोबर लिंकन चालवताना टायरनेच त्याला मागे खेचलं होतं. डार्लिंग्टनला मात्र त्याने प्लिमथला ट्रकचे, कडक रबराचे टायर लावले. अशा टायरला पकड कमी मिळते, म्हणून एका लॅपचा, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीचा वेग पडतो. पण ते लवकर झिजत नाहीत.

(दृश्य: टायरचा छेद. रबर, धाग्यांचे थर, आत ट्यूब.)

इतरांचं नेमकं कुठे बिघडलं, ते नीट समजून घेऊ. त्या काळचे साधे टायर ट्यूबचे, आणि आतल्या धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे. टायर फिरताना हे थर एकमेकांवर घासतात आणि उष्णता तयार होते. मातीच्या ट्रॅकवर गाडी वळणात घसरते, त्यामुळे बाजूचा जोर बराचसा मातीत जिरतो. डांबर घसरू देत नाही. सगळी वळणं डावीकडे, म्हणजे प्रत्येक वळणाला गाडी उजवीकडे झुकते आणि उजव्या पुढच्या चाकावर सर्वांत जास्त भार येतो. घरगुती गाडीची सस्पेन्शन मऊ, त्यामुळे झुकाव आणखी वाढतो, चाक बाहेरच्या कडेवर कलंडतं आणि टायरची तीच अर्धी पट्टी रगडली जाते. हवा रस्त्यावरच्या इतकीच ठेवली, तर टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात दबते आणि आणखी तापते. आधी नक्षी जाते, टायर गोटा होतो, मग रबराचा पट्टा सुटतो, धागे दिसू लागतात आणि ट्यूब फुटते. सप्टेंबरच्या उन्हात, नव्या डांबरावर, हे सगळं भराभर घडतं.

(दृश्य: पिटमध्ये जॅक लावणारी माणसं.)

आता हिशेब. ताशी ७५ मैल वेगाने सव्वा मैलाच्या लॅपला बरोबर एक मिनिट लागतं. ८२ मैल वेगाने साधारण ५५ सेकंद. म्हणजे जलद गाडी दर लॅपला पाच सेकंद कमावते. समजा टायर फुटला: उरलेला लॅप रिमवर रांगत यायचं, मग जॅक, पाना, पाच नट काढायचे, नवं चाक, पुन्हा नट. तीन मिनिटं गेली असं धरू. ते १८० सेकंद भरून काढायला ३६ लॅप लागतात. टायर ३६ लॅप टिकत नसेल, तर जलद गाडी जितकी जोरात पळेल तितकी मागेच पडणार. शिवाय वेग वाढवला की वळणातला भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे टायर आणखी लवकर जाणार.

शर्यतीत झालं ते असंच. पहिले चार लॅप सोसबी नावाचा ड्रायव्हर पुढे, मग २६व्या लॅपपर्यंत टर्नर, मग ४९व्यापर्यंत कॉटन ओवेन्स. ५०व्या लॅपला मँट्झ पुढे गेला आणि शेवटपर्यंत त्याला कुणी गाठलं नाही. ४०० पैकी ३५१ लॅप तो आघाडीवर होता. आदल्या वर्षीच्या नॅसकार मालिकेचा विजेता रेड बायरन कॅडिलॅक घेऊन उतरला होता. त्याचे २४ टायर फुटल्याची नोंद सांगितली जाते, आणि तरी तो तिसरा आला. इंजिन उत्तमच होतं, दोष तिथे नव्हता. टायरचा साठा इतका आटला, की काही चमूंनी मैदानाच्या आत उभ्या प्रेक्षकांच्या गाड्यांची चाकं काढून आणली असं म्हणतात. सुमारे २५,००० माणसं आली होती, त्यामुळे चाकांना तोटा नव्हता.

(दृश्य: चौकटीचा झेंडा.)

मँट्झला लागले ६ तास ३८ मिनिटं ४० सेकंद. सरासरी ताशी ७५.२५ मैल, त्याच्या स्वतःच्या पात्रता फेरीहूनही थोडी अधिक! दुसरा आलेला २१ वर्षांचा फायरबॉल रॉबर्ट्स नऊ लॅप मागे होता.

निकालावर कुरबुर झाली, आणि ती साहजिकच होती. प्लिमथच्या मालकांत नॅसकारचा अध्यक्ष बिल फ्रान्स स्वतः होता, सोबत टर्नर, म्हणजे पहिल्या जागेवरून सुटलेला ड्रायव्हर, आणि ह्यूबर्ट वेस्टमोरलँड. याच वेस्टमोरलँडची गाडी १९४९मध्ये शार्लटला पहिली येऊन मागच्या स्प्रिंगांत फेरफार केल्यामुळे बाद झाली होती. त्याने नॅसकारवर दावा ठोकला आणि हरला. वर्ष-सव्वा वर्षात तो आणि फ्रान्स एका गाडीचे भागीदार.  तरी निकाल कायम राहिला.

मँट्झने नॅसकारमध्ये पुन्हा कधी शर्यत जिंकली नाही. टायर कंपन्यांनी मात्र पुढच्या काही वर्षांत खास स्टॉक कारसाठी टायर बनवायला घेतले, आणि १९५३मध्ये ट्रॅक वाढवून १.३७५ मैलांचा केला. त्याआधी, १९५१च्या शर्यतीला ७५ही कमी पडल्या: ८२ गाड्या सुटल्या आणि हडसन हॉर्नेट घेऊन हर्ब थॉमस जिंकला.